बेटावरचं बाळंतपण

ऑक्टोबर हीट सुरू झाली की डिलाईल रोडवर लोक वैतागतात. पावसाळाभर लपून बसलेलं ऊन एकदम अंगावर येतं, समोरच्या टॉवरच्या काचांवरून उडी मारतं आणि थेट माझ्या ओट्यावर पडतं. शेजारीपाजारी पडदे ओढतात, एसी लावतात आणि लिफ्टमध्ये भेटले की एकमेकांना "काय उकडतंय ना" म्हणतात. मी मात्र खिडकी सताड उघडते. चार महिने दमट राहिलेले टॉवेल दुपारपर्यंत कडक वाळतात, त्यांना उन्हाचा वास येतो, आणि तो वास मला एकदम उचलून दुसरीकडे नेतो. असंच पांढरं, कोरडं ऊन मी एका ऑक्टोबरात ग्रीसमधल्या एका लहानशा बेटावर पाहिलं होतं. तिथे ते चुना दिलेल्या भिंतीवर पडायचं आणि मी त्यात माझ्या नातीचे लंगोट वाळत घालायची.

बेटाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. परवा ऋतुजालाही सांगितलं नाही. ऋतुजा ही शेजारच्या परबवहिनींची मुलगी. जुन्या चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. चाळ पाडून टॉवर झाला तरी नशिबाने दाराला दार लागूनच घर मिळालं. तिचं लग्न नुकतंच झालंय आणि दिवाळीची सुट्टी जोडून ती नि नवरा निखिल ग्रीसला निघालेत. दोघं माझ्याकडे येऊन बसले. मागोमाग परबवहिनीही आल्या, हातात चकलीच्या भाजणीचं पातेलं.

"मावशी, तू तिकडे राहिलीयस ना, मग टिप्स दे ना गं. रील्सवर सगळे एकच सांगतात, सनसेट कुठून बघायचा."

"सनसेट काय, डोळे असले की दिसतो," मी म्हटलं. "चपला कुठल्या नेताय ते सांगा आधी."

निखिलने स्नीकर्स दाखवले. ठीक होते. ऋतुजाने दाखवलेली सँडल मी बाजूला ठेवायला लावली. त्या गावांत रस्ते म्हणजे पायऱ्याच असतात, शेकडो वर्षं पाय पडून गुळगुळीत झालेल्या. मी तिथे पोचले त्याच दिवशी माझी घसरगुंडी झाली होती. एका पेन्शनर शाळाबाईने परक्या देशात पाय पसरून बसणं कसं दिसतं, ते मी त्यांना करूनही दाखवलं.

"थंय भात गावता काय गो?" परबवहिनींनी आपली खरी चिंता विचारली.

भात मिळतो, म्हटलं. द्राक्षाच्या पानांत गुंडाळून मिळतो, टोमॅटोत भरून मिळतो. मग मी बोटीचं सांगितलं. विमानाच्या आधीचा एक दिवस हाताशी मोकळा ठेवा, कारण वारा सुटला की तिथे बोटी बंद होतात आणि मग तुम्ही कितीही मोठे साहेब असा, धक्क्यावर बसून राहायचं. निखिलला ते काही पटेना. "म्हणजे ॲपवर तिकीट असलं तरी?" परबवहिनीच म्हणाल्या, "अरे, आमच्याकडे पावसात होडये बंद असतत, तसाच ता. दर्याक तुझा ॲप काय म्हायत?"

मी जाताना अशीच अडकले होते. अथेन्सच्या बंदरावर एक अख्खा दिवस, दोन जड बॅगांवर हात ठेवून. त्या बॅगांमध्ये काय होतं ते आठवलं की आजही हसू येतं. डिंक, आळीव, बाळंतशोपा, खारकेची पूड, माझ्या जुन्या सुती साड्या फाडून केलेले लंगोट आणि दुपटी. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझी प्रज्ञा एकुलती एक. तिचे बाबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दादरला हॉटेल मॅनेजमेंट करून ती जहाजावरच्या बेकरीत लागली, तिथे इंजिन रूममधला यानी नावाचा ग्रीक मुलगा तिला भेटला आणि माझी लेक डिलाईल रोडवरून उठून त्याच्या बेटावर राहायला गेली. बाळंतपणाला इकडेच यायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली. मग मी म्हटलं, लेक माहेरी येत नाही ना, माहेर जाईल लेकीकडे. विमानतळावरच्या माणसाने मात्र आळिवाची पिशवी उघडून वास घेतला, बोटांत चोळून बघितलं आणि माझ्याकडे फार संशयाने पाहिलं. तेव्हा तुम्हाला सांगते, असलं काही न्यायचंच असेल तर दुकानातून सीलबंद पाकिटातलं न्या.

विहीणबाई धक्क्यावर न्यायला आल्या होत्या. इरिनी त्यांचं नाव. उंच, दणकट बाई, पायात प्लास्टिकच्या सपाता, मनगटावर मरून गेलेल्या नवऱ्याचं घड्याळ. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या चार खोल्या होत्या, उन्हाळ्यात त्या पर्यटकांना द्यायच्या. त्यामुळे त्यांना इंग्रजी येत होतं ते एवढंच: रूम, टॉवेल, ब्रेकफास्ट, नो प्रॉब्लेम. मला ग्रीक शून्य. माझ्या दोन्ही बॅगा त्यांनी एकेका हातात उचलल्या आणि पायऱ्या चढायला लागल्या. मी मागून धापा टाकत. घरी पोचल्यावर त्यांनी मला बसवलं आणि एका ताटलीत चमचाभर मुरंबा आणि थंडगार पाण्याचा पेला आणून दिला. पाहुणा आला की तिथे असं देतात. आधी गोड खायचं, मग पाणी प्यायचं, आणि ते नको म्हणायचं नसतं. आपल्याकडे गूळपाणी द्यायचे तसंच हे, त्यामुळे मला ते चटकन जमलं. बाकी बरंच काही जमलं नाही.

"काय नाही जमलं?" ऋतुजाने विचारलं.

मग मला मूर्तीची गोष्ट सांगावी लागली. विहिणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी दादरहून एक सुबक पांढरी बुद्धमूर्ती नेली होती. बसलेले तथागत, उजवा हात वर, पंजा समोर उघडा. भिऊ नका म्हणून सांगणारा तो हात. आमच्या घरात माझ्या आईच्या वेळेपासून तशीच मूर्ती आहे आणि लहानपणी परीक्षेला जाताना मी त्या हाताकडे बघूनच घराबाहेर पडायची. मी साडी नीट केली, दोन्ही हातांनी मूर्ती विहीणबाईंना दिली. खोलीत यानीचा मामा होता, मामी होती, शेजारीण होती. सगळे एकदम गप्प झाले. विहीणबाईंनी मूर्ती घेतली, "एफ्हारिस्तो" म्हणजे आभार म्हणाल्या, आणि बैठकीच्या खोलीतल्या फडताळावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तथागत आमच्याकडे पाठ करून बसलेले. तोंड खिडकीकडे. मला वाटलं, पुसताना फिरली असेल. मी सरळ केली. संध्याकाळी पुन्हा पाठ. मी पुन्हा सरळ केली. असं रोज चाललं. मी सरळ करायची, कुणीतरी फिरवायचं, आणि जेवताना आम्ही दोघी विहिणी समोरासमोर बसून एकमेकींना आग्रह करायचो. माझा जीव आतल्या आत जळत होता. माझ्या आजोबांनी गावात ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलंय. दारातून परत फिरवणं, पाठ फिरवणं हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मला वाटलं, सात समुद्र ओलांडून आले तरी हेच? माझी लेक या घरात आयुष्य काढणार आणि तिच्या बुद्धाला या घरात तोंड दाखवायची सोय नाही?

त्यात प्रज्ञा बाळंत झाली. शेजारच्या मोठ्या बेटावरच्या इस्पितळात मुलगी झाली, सुखरूप झाली, आम्ही बोटीने तिला घरी आणली. आणि तिथून माझी लेक गप्प झाली. मी प्रज्ञाला ओळखते. चाळीत ती हसली की खालच्या मजल्यावरून लोक विचारायचे, काय झालं गं? ती आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाळ रडलं तर उठायची, पाजायची, पुन्हा पडायची. बाळाकडे बघायची नाही. मी डिंकाचे लाडू समोर धरले तर न बोलता खायची. त्या हसऱ्या पोरीचा चेहरा पुसून टाकल्यासारखा झाला होता आणि मला काही सुचत नव्हतं. बेटावरच्या आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टरीण होती, तिने समजावलं की बाळंतपणानंतर काही जणींना असं होतं, यात कुणाची चूक नाही, तिला झोप हवी, भोवती माणसं हवीत, दर आठवड्याला माझ्याशी बोलायला आणा, गरज पडली तर औषध देऊ. तिचं म्हणणं मला पटलं. पण माझ्या मनाने तेव्हाच ठरवलं होतं की आता हिला इथे ठेवायची नाही. बाळाचे कागद झाले की दोघींना घेऊन मुंबई गाठायची. यानीला बोलले. भला मुलगा, डोळे भरून आले त्याचे, पण म्हणाला, "ती म्हणेल तसं." आणि ती म्हणायची, "बघू."

"मग बुद्धाचं काय झालं?" निखिलचं लक्ष अजून तिथेच होतं.

एके दिवशी मी मूर्ती सरळ करताना प्रज्ञाने पाहिलं. अंथरुणातून हळू आवाजात म्हणाली, "आई, त्यांना राग नाहीये बुद्धाचा. इथे कुणाला असा उघडा पंजा दाखवणं म्हणजे घाणेरडी शिवी आहे. आल्या-गेल्या पाहुण्याला रोज शिवी कशी देणार त्या?"

मी कपाळाला हात लावला. आणि मग आठवायला लागले. मी आल्या दिवसापासून काय काय केलं होतं! त्या वाढायला आल्या की "बस्स, बस्स" म्हणत मी दोन्ही पंजे त्यांच्या तोंडासमोर धरायची. बेकरीवाल्याला पाच पाव हवेत म्हणून पाच बोटं दाखवायची. गावच्या चर्चचे फादर रस्त्यात दिसले तर लांबूनच हात वर करून नमस्कार करायची. सगळ्या गावाला शिव्या देत हिंडत होते मी, तेही हसतमुखाने. म्हणून सांगते, तिथे नको म्हणायचं तर छातीवर हात ठेवा, पाच हवे असतील तर पंजा स्वतःकडे वळवून दाखवा, आणि फोटो काढताना कुणाला "थांबा" म्हणून हात करू नका. ऋतुजा हसून हसून लोळायची बाकी होती. निखिलने मात्र आपला हात निमूट मांडीखाली घातला.

मी त्यानंतर मूर्ती फिरवणं थांबवलं. ती खिडकीकडे बघत होती, आणि खिडकीतून समुद्र दिसत होता, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं. विहीणबाईंनी तिला अडगळीत टाकलं नव्हतं, घरातली सगळ्यात चांगली जागा दिली होती. प्रज्ञाने त्यांनाही आमच्या हाताचा अर्थ सांगितला असावा. कारण पुढच्या रविवारी त्या मला म्हणाल्या, "कम," आणि गावाच्या टोकावरच्या एका चिमुकल्या देवळात घेऊन गेल्या. आत जाताना माझा पदर त्यांनी स्वतः माझ्या खांद्यावरून नीट घेतला. (खांदे झाकायचे, ऋतुजा, ओढणी बॅगेत ठेव.) मेणबत्त्यांच्या धुराने काळपट झालेल्या एका जुन्या चित्रापुढे त्या उभ्या राहिल्या. एक संत बाई, डोक्यावर पदर, एका हातात क्रूस, आणि दुसरा हात छातीपाशी वर केलेला, पंजा उघडा, सरळ आमच्याकडे. विहीणबाईंनी चित्रातल्या हाताकडे बोट केलं, मग माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्या तिथे मेणबत्ती लावत होत्या आणि तो हात त्यांनी पाहिलाच नसावा. मी हसले. त्याही हसल्या. घरी आल्यावर त्यांनी स्वतः मूर्ती खोलीकडे वळवली आणि कुणी पाहुणा भुवया उंचावायला लागला की त्याला मोठ्या आवाजात काहीतरी सुनवायच्या. काय सुनवायच्या ते मला कळत नसे, पण ऐकायला फार बरं वाटे.

आम्ही काही लगेच गळ्यात गळे घातले नाहीत. त्या बाळाचं कौतुक करायच्या आणि लगेच तिच्यावर "फ्तू फ्तू फ्तू" करायच्या, दृष्ट लागू नये म्हणून. मी दृष्टबिष्ट मानत नाही. आयुष्यभर शाळेत पोरांना तेच शिकवलं. वरून हे थुंकणं! खरं तर थुंकी उडत नसे, नुसता आवाज, तरी मी दुपट्याने बाळाचं तोंड झाकायची. बाळाच्या झबल्याला त्यांनी निळा डोळ्याचा मणी लावला, मी तो काढून ठेवला, त्यांनी पुन्हा लावला. आणि नाव विचारलं की कुणीच सांगेना. बाप्तिस्मा होईपर्यंत तिथे मुलीला नुसतं "बेबा" म्हणतात. तेव्हा तिथे कुणाचं तान्हं बाळ दिसलं तर नाव काय म्हणून मागे लागू नका. आम्ही पण बेबाच म्हणायला लागलो.

सप्टेंबर सरला. पर्यटक कमी झाले, खालच्या हॉटेलांनी खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या, मांजरं रस्त्याच्या मधोमध झोपायला लागली. अंगणात अंजिरं वाळत पडलेली असायची. विहीणबाई द्राक्षाचा रस आटवून, त्यात पीठ घालून खीर शिजवायच्या, वर दालचिनी आणि अक्रोड. रंग थेट कुळथाच्या पिठल्याचा. मी त्यांना आळिवाची खीर दाखवली. त्यांनी चव घेतली, विचार केला, आणि वर दालचिनी टाकली. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन आला, तेव्हा मी पांढरी साडी नेसून मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. विहीणबाईंनी देवळातून आणलेल्या पिवळ्या मेणाच्या दोन मेणबत्त्या शेजारी आणून लावल्या. प्रज्ञा अंथरुणातून उठून आली आणि आमच्यामध्ये बसली. बाळ तिच्या मांडीवर होतं, पण नजर मेणबत्तीवर. मी मनात म्हटलं, अजून थोडे दिवस, मग घरी.

"दुपारी काय करायचं तिकडे? म्हणजे बीच सोडून?" ऋतुजाने विचारलं.

काही करायचं नाही, मी म्हटलं. जेवण झाल्यापासून ऊन उतरेपर्यंत त्या गावात सगळं बंद असतं. दुकानं बंद, खिडक्या बंद. कुणाला फोन करायचा नाही, कुणाचं दार वाजवायचं नाही, गाणी लावायची नाहीत, गल्लीतून मोठ्याने बोलत जायचं नाही. पर्यटक ही एक गोष्ट हमखास विसरतात आणि गावकरी यावरून जितके चिडतात तितके कशावरूनच चिडत नाहीत. मला मात्र ही गोष्ट कुणी शिकवावी लागली नाही. मी गिरणगावातली आहे.

माझे बाबा गिरणीत रातपाळीला असायचे. सकाळी यायचे, चहा प्यायचे आणि डोळ्यांवर पंचा टाकून झोपायचे. एका खोलीत आम्ही सात जण, बाहेर अख्खी चाळ. तरी बाबा झोपायचे, कारण आई दारात बसलेली असायची. मांडीवर सूप, तांदूळ निवडायचे, आणि नजर गॅलरीच्या दोन्ही टोकांना. तोंडातून शब्द नाही. कुणी मूल धावत आलं की नुसती बघायची, मूल पावलं मोजत परत जायचं. भाजीवाला आमच्या मजल्यावर ओरडायचा नाही. आम्ही मुली सागरगोटे खेळायचो ते गोधडी अंथरून, खडा जमिनीवर आपटला तर आवाज होतो म्हणून. आपल्या झोपेला कुणीतरी असं राखतंय हे बाबांना कळत होतं की नाही, कोण जाणे. मला मात्र लहानपणी वाटायचं की मोठं झाल्यावर माझ्याही दारात असं कुणीतरी बसावं. लग्न झालं, शाळा, घर, मूल, मग एकटीचा संसार, आणि दारात बसायची पाळी कायम माझीच आली.

एका दुपारी माझा डोळा लागला नाही, म्हणून मी पाणी प्यायला उठले. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर विहीणबाई बाहेर गल्लीत, भर उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर परात, त्यात शेंगा सोलणं चाललेलं. गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकलचा आवाज आला. त्यांनी मान वर केली. नुसती मान. गाडी बंद झाली आणि तो बाप्या गाडी ढकलत, चोरासारखा आमच्या दारावरून गेला. मागोमाग चार पर्यटक आले, बडबड करत, बॅगांची चाकं खडखडवत. त्या उठल्या, त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि प्रज्ञाच्या खिडकीकडे बघितलं. त्या चौघांनी बॅगा उचलून डोक्यावर घेतल्या असत्या, असा विहीणबाईंचा चेहरा होता. मग पुन्हा खुर्चीत बसून शेंगा.

मी तिथेच उभी राहिले. मला रडू आलं. किती आठवडे ही बाई रोज माझ्या लेकीच्या दारात अशी बसत असणार आणि मी आत तिचा निळा मणी काढत बसले होते. डॉक्टरीण म्हणाली होती प्रज्ञाला झोप हवी, ते मी ऐकलं. ते अमलात आणत होती ही. त्या दिवशी मी बाहेर जाऊन दुसरी खुर्ची टाकली. परातीतल्या शेंगा अर्ध्या माझ्याकडे सरकल्या.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते नीटसं सांगता येत नाही, कारण फरक बारीक होता. प्रज्ञा एकदा बाळाच्या कानाकडे बघून म्हणाली, "बाबांसारखा आहे." एकदा तिने स्वतः आंघोळीचं पाणी काढलं आणि माझ्यावर ओरडली, की इथे पाणी जपून वापरायचं असतं. मी म्हटलं, बाई गं, चाळीत नळ गेल्यावर अर्ध्या बादलीत आंघोळ करून मी शाळेत गेलेय, मला पाणी शिकवू नकोस. तिच्या ओठांचा कोपरा हलला. यानी दर आठवड्याला तिला डॉक्टरणीकडे नेत होता. औषध सुरू झालं होतं. पण "येतेस का?" म्हटलं की उत्तर तेच. "बघू." माझ्या परतीची वेळ आली, बाळाचे कागद तयार होते, अथेन्सला पोचूनही दोघींचं तिकीट काढता आलं असतं. मी आशा सोडली नव्हती.

निघायच्या दिवशी बोट संध्याकाळच्या आधीची होती, विमानाला मध्ये एक दिवस मोकळा ठेवला होता. सकाळीच सगळी आवराआवर झाली. यानी बंदरावर कामाला गेला होता, तो तिथेच भेटणार होता. विहीणबाईंनी मासे केले होते, मी भात केला. जेवलो. प्रज्ञा बाळाला घेऊन आडवी झाली. मी म्हटलं, जरा पाठ टेकते, आणि पलंगावर पडले.

जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन तांबूस झालं होतं. खाली बोटीचा भोंगा वाजत होता, पण लांबून. मी धडपडत उठले, खिडकीशी गेले. बोट बंदर सोडून वळलेली होती, मागे पांढरी रेघ. मी ओरडलेच. दार उघडून बाहेर आले तर विहीणबाई खुर्चीत बसलेल्या, परात मांडीवर, शांत.

"बोट!" मी म्हटलं. "बोट गेली! उठवलं का नाही मला?"

माझ्या आवाजाने प्रज्ञा बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली. तिचेही केस विस्कटलेले, तीही आत्ताच उठलेली. तिने सासूला विचारलं. विहीणबाईंनी खांदे उडवून काहीतरी सांगितलं, एखाद्या मंद पोराला सोपं गणित समजावताना मी सांगायची तसं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, झोपलेल्या माणसाला उठवत नाहीत." प्रज्ञाचा आवाज कापायला लागला होता. "यानी आला होता न्यायला. त्याला पण परत पाठवलं. म्हणतात, तुझी आई आल्यापासून आज पहिल्यांदा नीट झोपली. बोट काय, उद्या पण येते."

आणि प्रज्ञा हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग तो हातही काढून. पाठीला भिंत लागली तिची, खाली बसली, बाळ छातीशी धरून हसत राहिली. समोरची खिडकी उघडली, शेजारीण डोकावली, ग्रीकमध्ये काय झालं म्हणून विचारलं असणार. विहीणबाईंनी तिला गप्प बसवलं नाही. दुपार संपली होती. मी आणि त्या एकमेकींकडे बघत होतो आणि दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हसून दमल्यावर प्रज्ञा तशीच खाली बसून म्हणाली, "आई, मी नाही येत गं. आत्ता नाही. पुढच्या उन्हाळ्यात बेबाला घेऊन येते. तू जा उद्या."

मी बरं म्हटलं. आत गेले, बॅग उघडली. तळाशी बेबाची झबली होती, तिचे दोन ड्रेस होते, मी कुणाला न विचारता भरलेले. ते एकेक बाहेर काढले, पलंगावर ठेवून घड्या नीट केल्या आणि तिच्या कपाटात पहिल्यासारखे लावले. कपाट बंद करून वळले तर प्रज्ञा दारात उभी. तिने सगळं पाहिलं होतं. पुढे आली आणि बाळ माझ्या हातात दिलं.

"धर हिला," म्हणाली. "मी चहा टाकते."